खाडीसाठी बूमर की स्पार्कर?

जेटीसाठी उथळ पाण्यात सिस्मिक, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनींवरून तळाखालचे थर पाहणं, करायचं ठरलं की हा प्रश्न येतोच. दोन्ही आवाज काढणारी यंत्रं: बूमर तराफ्याखालची प्लेट हलवून, स्पार्कर पाण्यात विजेची ठिणगी पाडून. चर्प, म्हणजे वारंवारता बदलत जाणारा आवाज सोडणारं तिसरं यंत्र, मी इथे धरत नाही. मऊ गाळात त्याचं रेकॉर्ड सुरेख येतं, पण वाळू लागली की तो थांबतो, आणि आपल्याला तर गाळाखालचा कातळ हवा असतो.

वरवर पाहता स्पार्करच सरस. जास्त खोल जातो, ओढायला हलका, छोट्या होडीवरही भागतं. बूमरचा तराफा मात्र सांभाळावा लागतो. लाट जरा वाढली की तो उड्या मारतो, प्लेटखाली हवा शिरते आणि तेवढा पट्टा वाया जातो. दुपारचा वारा उठायच्या आत लाइनी, म्हणजे होडीच्या मोजणीच्या सरळ फेऱ्या, उरकाव्या लागतात.

तरीही जयगडच्या खाडीत मी स्पार्कर सोडला तो कायमचा. ऑक्टोबरचे दिवस. भरतीला रेकॉर्ड झकास होतं: गाळाचे थर आणि खाली कातळाची ठळक रेघ. ओहोटी लागली तशी ती रेघ फिकी पडत गेली. वाटलं, स्पार्करची ठिणगी पाडणारी टोकं झिजली. होडी थांबवली, केबल वर ओढली, जळून आत गेलेली तारांची टोकं पक्कडीने कापली, पुन्हा सोडली. फरक नाही. शेवटी तांडेलाने ओंजळभर पाणी चाखलं नि म्हणाला, "साहेब, वरचं पाणी गोडं हाय." शास्त्री नदीचं पाणी ओहोटीबरोबर वरच्या थरातून उतरत होतं, आणि आमची टोकं नेमकी त्याच थरात लोंबत होती. ठिणगीला खारं पाणी लागतं. भरतीच्या लाइनीत कातळ दिसतो, तिला छेदणाऱ्या ओहोटीच्या लाइनीत दिसत नाही. असा नकाशा कुणाला द्यायचा?

टोकं न झिजणारे निगेटिव्ह डिस्चार्जचे स्पार्कर आता मिळतात, पण गोड्या पाण्याचं दुखणं राहतंच. बूमरची प्लेट चुंबकीय धक्क्याने हलते, तिला खाऱ्या-गोड्याचं काही नाही. शिवाय बूमरचा स्पंद आखूड असतो, त्यामुळे जवळजवळचे थर वेगळे दिसतात. चार मीटर पाण्यात तळाचा दुसरा प्रतिध्वनी (तळ आणि पृष्ठभाग यांत दोनदा ये-जा करून आलेला) रेकॉर्डवर आठ मीटरवर येऊन बसतो, म्हणजे त्याआधीचं जे दिसेल तेच निर्मळ. तिथे मला बूमर जास्त उलगडून दाखवतो असं वाटतं. काळ्या गाळात वायू साठला असेल तर मात्र दोघेही आंधळे.

खाडीबाहेर, पंधरा-वीस मीटर पाण्यात आणि जाड वाळूवर मी आजही स्पार्करच नेईन. खाडीच्या आत हाताशी स्पार्करच असेल, तर आधी वरच्या मीटरभर पाण्याची क्षारता मोजा आणि सगळ्या लाइनी भरतीलाच लावा.