९० डेसिबलच्या आत: बीएमडब्ल्यू एम३ चा आवाज उतरवण्याचे नऊ महिने

कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका या रेस ट्रॅकवर, आपापली गाडी पळवायच्या ‘ट्रॅक डे’ला, दुसऱ्या सेशनमध्ये मला काळा झेंडा मिळाला, म्हणजे ट्रॅकवरून बाहेर यायचा हुकूम. पिटमध्ये आलो तेव्हा आयोजकांनी माझ्या गाडीच्या आवाजाचा आकडा सांगितला: ९३.४ डेसिबल. त्या दिवसाची मर्यादा ९० होती. आमच्या क्लबच्या नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा ओलांडली की गाडी ट्रेलरवर, दिवस संपला. उरलेला दिवस मी एका ठरावीक जागी ॲक्सिलरेटरवरून पाय काढत घालवला आणि घरी जाताना ठरवलं, हे पुन्हा नाही.

गाडी २००४ ची बीएमडब्ल्यू एम३, ई४६ पिढीतली. ३.२ लिटरचं, ओळीत सहा सिलिंडरचं एस५४ इंजिन, ३३३ हॉर्सपॉवर, ८,००० आरपीएमपर्यंत फिरणारं. आधीच्या मालकाने हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या), मागे मोकळा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर बसवला होता. वरच्या आरपीएमला तिचा आवाज पत्रा फाडल्यासारखा यायचा.

मर्यादेवर चिडणारे पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या लावायच्या जागेत, नेहमी भेटतात. मला ती मनापासून पटते. हा ट्रॅक १९५७ चा, १९७४ पासून मॉंटेरे काउंटीच्या मालकीचा, आणि त्याच्या आसपासच्या टेकड्यांत माणसं राहतात. मोठ्या शर्यतींचे मोजके दिवस सोडले तर इथे ९० किंवा ९२ चीच मर्यादा असते. २०२३ मध्ये रहिवाशांच्या एका गटाने काउंटीवर खटलाही भरला. आपण वर्षातून सहा वेळा येतो, ते बाराही महिने ऐकतात. ट्रॅक टिकायला हवा असेल तर गाडी गप्प करणं हे आपलंच काम आहे.

आता मोजमाप कुठे होतं ते समजून घ्या, कारण मी ते न समजता पैसे घालवले. ध्वनिमापनाची खोली पाचव्या आणि सहाव्या वळणाच्या मध्ये, चालकाच्या उजव्या हाताला आहे. पाचवं वळण डावीकडचं, पुढे चढ. त्यामुळे गाडी पूर्ण ॲक्सिलरेटरवर, चढत्या आरपीएमला, आपसूक उजव्या कडेला म्हणजे मायक्रोफोनच्याच बाजूला सरकते. सगळ्यात मोठा आवाज आपण नेमका तिथे करतो.

पहिला प्रयत्न टोकाच्या नळ्यांत बसणाऱ्या डाट्यांचा. जेमतेम १ डेसिबल कमी झाला आणि ६,५०० च्या वर इंजिन घुसमटायला लागलं. एका दिवसात काढून टाकले. कोणी सुचवलं तरी घेऊ नका.

मग वही घेऊन बसलो. ३ डेसिबल कमी करायचे म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी करायची. मला ३.४ हवे होते, शिवाय हाताशी थोडी सवड. आणि गाडीचा आवाज एका ठिकाणाहून येत नाही: एक्झॉस्ट, हवा ओढणारं तोंड, टायर, सगळ्यांची बेरीज माइकवर पडते. एकच गोष्ट कितीही दाबली तरी बाकीच्या जागच्या जागी राहतात.

म्हणून आधी कंपनीचा बंद एअरबॉक्स परत बसवला. मग मागचा मूळ सायलेन्सर जुन्या मालातून शोधला. हा डबा २० किलोच्या आसपास आहे आणि लोक पहिल्यांदा तोच काढून फेकतात. पुढच्या ट्रॅक डेला आकडा आला ९०.६. अजूनही बाहेर, पण दिशा कळली.

तिसरी पायरी एक्झॉस्टच्या मधल्या भागात भरावाचा रेझोनेटर, म्हणजे आवाज शोषणारा डबा. आत छिद्रं पाडलेली नळी, तिच्याभोवती स्टीलची लोकर आणि काचतंतू. असा भराव वरच्या पट्टीतला कर्कशपणा छान खातो, आणि वायू सरळ जात असल्याने ताकद जाणवण्याइतकी गेली नाही. ८९.१. पण खालच्या पट्टीतली घुमघुम त्याने जात नाही. सहाव्या गिअरमध्ये ताशी १२० किलोमीटरला हे इंजिन ३,००० आरपीएमवर असतं. सहा सिलिंडर म्हणजे एका फेरीत तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला १५०. तेवढ्याच कंपनांनी आतली हवा घुमायची आणि सॅन होजेला पोहोचेपर्यंत डोकं जड व्हायचं. त्यावर उपाय बाजूला जोडलेली, टोकाला बंद असलेली नळी. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धरला, तर १५० कंपनांची लांबी ३.३ मीटर आणि तिचा चौथा हिस्सा ८३ सेंटिमीटर. तेवढी नळी वेल्डरकडून जोडून घेतली. परत येणारी लाट मूळ लाटेला मारते. ट्रॅकच्या आकड्यात याने काही फरक पडला नाही, पण महामार्गावर मी आणि बायको पहिल्यांदा नेहमीच्या आवाजात बोलत घरी आलो. नऊ महिन्यांत केलेल्या कामांपैकी हे मला सर्वांत आवडलेलं.

शेवटी कोपर. इथले लोक त्यांना ‘लगुना पाइप’च म्हणतात. टोकाला क्लॅम्पने बसणारे वाकडे तुकडे, तोंड डावीकडे आणि किंचित खाली, म्हणजे माइककडे पाठ. वरच्या पट्टीतला आवाज बराचसा ज्या दिशेला फेकाल तिकडे जातो, त्यामुळे फायदा खरा आहे: ८६.९. पॅडॉकमध्ये दहा मिनिटांत बसतात, रस्त्यावर निघताना काढतो. उजव्या बाजूच्या नळ्यांच्या जोडीचं तोंड बंपरखालून आत वळतं, तिथे तीन बोटांचं अंतर ठेवा. माझं कमी पडलं आणि उन्हाळ्यात बंपरचा रंग हाताएवढा फुगला. इंग्लंडच्या ट्रॅकवर ही युक्ती चालायची नाही. तिथल्या स्थिर चाचणीत मीटर नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशात धरतात आणि इंजिन कमाल आरपीएमच्या पाऊण भागावर ठेवतात. तोंड फिरवलं की मीटरही फिरतो.

घरी मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. साधा ए-वेटिंगचा (माणसाच्या कानाप्रमाणे आवाज तोलणारा) मीटर घ्या आणि त्याचा आकडा फक्त आधी-नंतरच्या तुलनेसाठी वापरा. ट्रॅकवरही एकाच दिवशी, त्याच गाडीचे आकडे माझ्याकडे एकेक डेसिबलने हलले आहेत. वारा, थंडी, शेजारून जाणारी दुसरी गाडी, सगळं त्यात येतं. ८९.९ वर समाधान मानू नये ते यासाठी. खूपच काठावर असाल तर पाचव्या वळणानंतर गाडी डावीकडे ठेवा. माइक १५ मीटरवर धरला तर ३ मीटरने दूर गेल्यावर दीड डेसिबल उतरतो.

पुण्याहून भावाने व्हिडिओ बघून फोनवर विचारलं, “आवाजच काढलास, मग त्या गाडीत राहिलं काय?” त्याला सांगितलं, टायर राहिले. दुसऱ्या वळणाच्या लांबलचक वाकणात पुढचे टायर सुटण्याआधी एक बारीक कण्हणं काढतात. चार वर्षं मी इथे येतोय, ते कधी ऐकूच आलं नव्हतं. आता स्टिअरिंगला जाणवायच्या आधी कानाला कळतं आणि मी हात थोडा सैल करतो. कॉर्कस्क्रू या उतरत्या डावी-उजवी वळणाच्या माथ्यावर पुढचं काही दिसत नसताना, पायाखालून रस्ता १८ मीटर उतरत असताना, मागचं चाक काय म्हणतंय हे ऐकू येणं मला हॉर्सपॉवरपेक्षा मोलाचं वाटतं. माझी लॅपची वेळ सुधारली त्यात याचा वाटा आहे असं मी ठामपणे मानतो.

तक्रार एकच, भरावाची. सततच्या तापाने तो जळतो, बसतो, थोडा थोडा नळीतून उडूनही जातो. सहा ट्रॅक डेनंतर तीच गाडी, तेच कोपर, आकडा ८८.३. म्हणून रेझोनेटर वेल्ड केलेला घेऊ नका, बोल्टने उघडणारा घ्या. माझा वेल्ड केलेला आहे, तो डिसेंबरात कापून नव्याने भरायचाय. तोवर थंड सकाळच्या पहिल्या लॅपला मी पाचव्यानंतर चौथा गिअर जरा लवकर टाकतो.