हनुवटीच्या केसांसाठी घरचं मशीन की अमरावतीचं लेझर?

लेझर केलं की केस कायमचे गेले, असं पार्लरवाली सांगते आणि ऑनलाइन मशीन विकणाराही तेच सांगतो. दोघांचंही अर्धंच खरं धरा. केस विरळ होतात, उरलेले बारीक आणि फिके येतात, आणि पुढे वर्षाकाठी एखादी-दुसरी सिटिंग घ्यावी लागते. एवढ्यात समाधान असेल तरच पैसे घाला.

मी दर्यापूर तालुक्यातली. शाळेत शिकवते, सुट्टीच्या दिवशी वावरातही जाते. मामेबहिणीने घरी वापरायचं आयपीएल मशीन घेतलं होतं (हे लेझर नव्हे, जोरदार उजेडाचे झोत मारणारं मशीन), ते एक हंगाम माझ्याकडे होतं. त्यानंतर अमरावतीला स्किनच्या डॉक्टरांकडे लेझर केलं. तत्त्व दोन्हींचं सारखंच: केसातला काळा रंग उजेड धरतो, त्याची उष्णता होते आणि मूळ भाजतं. पण जे केस त्या वेळी वाढीला लागलेले असतात तेच सापडतात, बाकीचे निजलेले राहतात. म्हणून क्लिनिकमध्ये चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने साधारण सहा ते आठ सिटिंग सांगतात. घरचं मशीन आधी दर पंधरवड्याला, मग महिन्याला असं चालवायचं.

घरच्या मशीनचं सुख मोठं आहे, ते नाकारत नाही. रजा नको, एसटी नको, आणि "अमरावतीले कायले चालली वं?" हा प्रश्न नको. दार लावायचं, दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं. दुखतही फारसं नाही.

पण त्या मशीनला त्वचेचा रंग ओळखणारा सेन्सर असतो. कातडी ठरावीक रंगाहून गडद दिसली की ते उजेड सोडतच नाही. कापूस वेचायच्या दिवसांत मी हातावर लावलं, तर बांगड्यांखालच्या उजळ पट्ट्यावर ते मुकाट्याने चमकलं आणि त्याच्या दोन बोटं वर नेलं की लाल दिवा. पुन्हा खाली, चमकलं. पुन्हा वर, लाल दिवा. हनुवटीवरही तसंच, एका बाजूला चाले, दुसऱ्या बाजूला रुसे. चूक मशीनची म्हणता येत नाही, कारण उन्हाने रापलेल्या कातडीतला रंगही तो उजेड ओढून घेतो, आणि मग केसाऐवजी कातडीच भाजते. पण आपल्याकडे रापल्याशिवाय राहायचं कधी? निंदणाला ऊन, वेचणीला ऊन, आणि उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. रंग उतरायची वाट बघत आठवडे गेले, आणि घरच्या मशीनची ताकद मुळात कमी, त्यामुळे खंड पडला की केस पुन्हा होते तसे. माझं मन तिथेच उठलं. शहरात सावलीत बसून काम करणाऱ्या माझ्या बहिणीला मात्र तेच मशीन मानवलं, हेही सांगायला हवं.

क्लिनिकमध्ये जाल तर आधी विचारा, मशीन कोणतं. तालुक्याच्या गावी 'लेझर' म्हणून आयपीएलच चालवणारी पार्लरं आहेत. आपल्या सावळ्या रंगाला एनडी-याग, म्हणजे 1064 नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाचं लेझर, सगळ्यांत सांभाळून घेणारं मानतात. ते खोल जातं आणि वरच्या कातडीतला रंग त्याला कमी धरतो. 800 नॅनोमीटरच्या आसपासचं डायोड लेझरही जाणत्या हातात चालतं. 755 चं अलेक्झांड्राइट गोऱ्यांसाठी बरं. एनडी-याग दुखतं, ते खोटं बोलून उपयोग नाही. ताणलेलं रबर सोडावं तसा चटका बसतो आणि जळक्या केसांचा वास येतो. पहिल्यांदा छोट्या जागेवर चाचणी करून बघणारा डॉक्टर चांगला, पहिल्याच दिवशी पूर्ण पॅकेजचे पैसे मागणारा जरा संशयाचा.

ऊन तिथेही सुटत नाही. आधी आणि नंतर निदान दोन आठवडे जपा म्हणतात. हनुवटी आणि गळा स्कार्फने झाकता येतो, म्हणून ते जमलं. हातांचा नाद मी सोडून दिला. तुम्हीही सोडावा असं माझं मत, पण ज्याचं त्याने बघावं.

सिटिंगनंतर आठवडा-दोन आठवडे केस वाढताहेत असंच वाटतं. ते मेलेले खुंट वर येत असतात, चेहरा पुसताना टॉवेलला लागून गळतात. मधल्या काळात दोरा, वॅक्स, चिमटा बंद, कारण मूळच उपटलं तर लेझरला धरायला काही उरत नाही. रेझर चालतो. बाईने तोंडाला रेझर लावला की दाढी येते, हे घरोघरी ऐकू येईल. रेझरने केस जाड होत नाहीत, फक्त टोक बोथट कापलं जातं म्हणून तसे लागतात.

पाळी अनियमित असेल तर आधी पीसीओडीची, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. हार्मोन बिघडलेलेच राहिले तर नवे केस येत राहणार, त्यात लेझरचा दोष नाही. दुसरं, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरेपणाची ट्यूब. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि चेहऱ्यावर केस येण्याचं ते स्वतःच एक कारण आहे. मुलींनो, ती आधी डॉक्टरांना दाखवा, मग लेझरचं बोला. आणि गालावरची बारीक लव काढून देतो म्हटलं तर नको म्हणा. सावळ्या चेहऱ्यावर अशी लव कधीकधी उलट जाड होते. मी नुसती हनुवटी आणि गळा केला, त्याचं मला आजही बरं वाटतं.

हातावर, हनुवटीवर गोंदण असेल तर ती जागा वगळायला सांगा. शाईच तापते आणि फोड येतो. चांगल्या ठिकाणी त्यावर पांढरी पट्टी चिकटवतात किंवा तो भाग सोडूनच देतात.

पांढऱ्या केसांचं मात्र दोन्हीकडे सारखंच. काळा रंग नाही तर धरायला काही नाही, पैसे वाया. त्यांना एकेका मुळाशी सुई घालून वीज देण्याचा इलेक्ट्रोलिसिस लागतो, तो वेळखाऊ आहे. माझे दोन-चार आहेत, ते मी चिमट्याने काढते.