मिश्ने तोरा की शुल्खान आरुख: सेफार्दी धर्मशास्त्र वाचायला कुठून सुरुवात करावी?

सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनमधल्या यहुद्यांच्या, परंपरेतला धर्मकायदा, म्हणजे हलाखा, मुळातून वाचायचा ठरवला की दोन ग्रंथ समोर येतात. एक मोशे बेन मैमोन ऊर्फ राम्बाम यांचा ‘मिश्ने तोरा’. तो इजिप्तमधल्या फुस्तातमध्ये ११८०च्या सुमारास पुरा झाला. दुसरा योसेफ कारो यांचा ‘शुल्खान आरुख’. तो ऑटोमन राज्यात, गॅलिलीतल्या त्सफात गावी लिहिला गेला आणि १५६५ साली व्हेनिसला छापून निघाला. दोघांचीही मुळं स्पेनमधली आणि दोघांचीही घरं लहानपणीच सुटली: राम्बामच्या कुटुंबाला अल्मोहाद राजवटीमुळे कोर्दोबा सोडावं लागलं, कारोंच्या कुटुंबाला १४९२च्या हद्दपारीत स्पेन. तालमुद या प्राचीन धर्मचर्चासंग्रहातल्या लांबलचक वादांतून ठरलेला नियम काढून हातात द्यायचा, हा हेतूही एकच. तरी अभ्यासाला बसलात की दोन्हींचा अनुभव अगदी वेगळा येतो.

फरक पहिल्याच ओळीत दिसतो. राम्बाम सुरुवात करतात ती सगळ्या पायांचा पाया काय, इथून: सर्व अस्तित्वाला आधार देणारं एक आद्य अस्तित्व आहे, हे जाणणं. कारोंची सुरुवात अशी: सकाळी सिंहासारखं बळ आणून आपल्या निर्मात्याच्या सेवेसाठी उठावं. पुढचा क्रमही त्याला धरूनच आहे. राम्बामचे १४ भाग विषयांनी बांधलेले आहेत. ज्ञान, प्रार्थना, सण, विवाह यांबरोबर मंदिर, बळी, शेती आणि राजा यांचेही कायदे त्यांत येतात, जेरुसलेमचं मंदिर पडून हजार वर्षं उलटली असली तरी. कारो आज पाळता येईल तेवढंच घेतात. त्यांचे चार खंड आहेत: पहिला दिनक्रम आणि सणवारांचा, दुसरा खाण्यापिण्याच्या निषिद्धांपासून सुतकापर्यंतचा, तिसरा विवाह-घटस्फोटाचा, चौथा व्यवहार आणि न्यायालयाचा. ही चौकट त्यांची स्वतःची नाही. तोलेदोच्या याकोव बेन आशेर यांच्या ‘अर्बाआ तूरिम’मधून त्यांनी ती घेतली. हद्दपार झालेल्या मुद्रकांनी १४९३ साली इस्तंबूलमध्ये छापखाना घातला, तेव्हा पहिलं पुस्तक काढलं ते हेच ‘तूरिम’.

खरी तुलना करायची तर एकच प्रश्न घेऊन दोन्हींकडे जावं. पेसाखच्या सणात आंबवलेलं धान्य (हामेत्झ) निषिद्ध आहे आणि न आंबवलेली भाकरी (मात्झा) खातात. मग तांदूळ चालतो का?

राम्बाम (हामेत्झ व मात्झा यांचे नियम, प्रकरण ५) सांगतात की निषेध फक्त पाच धान्यांना आहे. गहू आणि जव ही त्यांतली मुख्य. तांदूळ, मसूर वगैरेंना तो लागत नाही. मग ते उदाहरण देतात. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवलं, कापडानं झाकून ठेवलं आणि ते आंबलेल्या कणकेसारखं फुगलं, तरी खायला मोकळं. कारण हे आंबणं नव्हे, नासणं आहे. कोकणात ज्यानं तांदळाची उकड झाकून ठेवलेली पाहिली आहे, त्याला हे वाक्य दुसऱ्यांदा वाचावं लागत नाही. नियम, कारण आणि कसोटी, तिन्ही एका दमात. फक्त हे तालमुदमध्ये कुठे आहे आणि विरुद्ध मत कुणाचं होतं, याचा उल्लेख नाही.

कारो (पहिला खंड, कलम ४५३) दोन वाक्यांत मोकळे होतात: तांदूळ आणि कडधान्यांची मात्झा चालत नाही, पण ती आंबतही नाहीत, म्हणून शिजवून खायला हरकत नाही. याला लागूनच वेगळ्या वळणाच्या अक्षरात एक टीप येते: काही जण मनाई करतात, अश्केनाझमध्ये (मध्य व पूर्व युरोपच्या यहुद्यांत) कडक पाळण्याची रीत आहे आणि ती मोडू नये. ही टीप कारोंची नाही, क्राकूवच्या मोशे इसर्लिस यांची आहे. नवशिक्याची सर्वात मोठी चूक इथेच होते. मूळ मजकूर आणि टीप सलग वाचली की एकाच लेखकानं आधी परवानगी देऊन मग काढून घेतल्यासारखं वाटतं. सेफार्दी घरात मूळ मजकूर चालतो, अश्केनाझी घरात टीप. त्यामुळे अक्षराचं वळण ओळखायला पहिल्याच दिवशी शिका.

आता कारोंनी ‘तूरिम’वर लिहिलेला मोठा ग्रंथ ‘बेत योसेफ’ त्याच कलमावर उघडा. १५२२ साली एदिर्नेमध्ये हाती घेतलेलं हे काम त्सफातला पुरं व्हायला वीस वर्षं लागली. तांदूळ टाळणं हा फाजील कडकपणा आहे, हे ‘तूरिम’चं मत आणि त्याला मूर्खपणाची रीत म्हणणाऱ्या रब्बी येरुहाम यांचं मत, दोन्ही इथे सापडतात. ‘शुल्खान आरुख’ म्हणजे या ग्रंथाचा अर्क. निर्णयाची रीतही इथेच कळते: अल्फासी, राम्बाम आणि आशेर बेन येहिएल या आधीच्या तीन धर्मकायदेपंडितांपैकी दोघं जिकडे, तिकडे निर्णय, अपवाद आहेत, पण सांगाडा हा. म्हणून आमचं मत ठाम आहे की ‘शुल्खान आरुख’ एकटा वाचू नये. एकटा वाचला तर तो आज्ञांची यादी वाटतो, आणि तसा तो मुळीच नाही.

नियम थेट वापरायचा असेल तर मात्र कारो उजवे. कणीक न मळता किती वेळ राहिली तर आंबली धरायची? दोघांचंही उत्तर एकच: माणूस एक मिल (अंतराचं जुनं माप) चालेल तेवढा वेळ. राम्बाम तिथेच थांबतात. कारो कलम ४५९मध्ये त्याचा हिशेब मांडतात, पाव तास अधिक तासाचा विसावा भाग. म्हणजे १५ आणि ३, एकूण १८ मिनिटं.

संदर्भ न दिल्याचा त्रास खुद्द राम्बामनाही झाला. अलेक्झांड्रियाचे न्यायाधीश पिन्हास यांना लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की एक न्यायाधीश त्यांच्याच ग्रंथातलं, मनुष्यवधाच्या नियमांचं पान घेऊन आला आणि हे कुठलं, असं विचारू लागला. त्यांनी अपेक्षित जागी शोधलं, सापडलं नाही; तो निघून गेल्यावर आठवलं. लेखकाची ही गत, तर वाचकाचं काय, असं त्यांनीच लिहिलं आहे. ही उणीव पुढे भाष्यकारांनी भरली. त्यांत कारोही आहेत; त्यांचं ‘केसेफ मिश्ने’ नेमका हा आधार शोधून देतं. प्रोव्हान्सच्या अब्राहाम बेन दाविद यांचे तिखट आक्षेपही त्याच पानावर छापलेले असतात आणि ते वगळू नयेत.

भाषेच्या बाबतीत राम्बाम सोपे. त्यांचं हिब्रू मिश्नाच्या, म्हणजे तालमुदच्या मुळाशी असलेल्या नियमसंग्रहाच्या, वळणाचं, स्वच्छ, पूर्ण वाक्यांचं आहे. ग्रंथाची साधारण १००० प्रकरणं आहेत: रोज एक घेतलं तर पावणेतीन वर्षं, रोज तीन घेतली तर अकरा महिने. कारोंनी आपल्या ग्रंथाचे तीस भाग केले ते महिन्याला एक आवर्तन व्हावं म्हणून. पण तो वेग आधी अभ्यास झालेल्यांच्या उजळणीचा. नव्या माणसाला १७०५ कलमं त्या गतीनं झेपत नाहीत.

महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजातल्या वाचकांसाठी निवड थोडी सोपी आहे. समाजाची प्रार्थनापद्धती सेफार्दी वळणाची आहे, त्यामुळे आचाराच्या प्रश्नाला कारोंचा मूळ मजकूर जवळचा. राम्बामशी नातं वेगळंच आहे. दक्षिण फ्रान्समधल्या लुनेलच्या विद्वानांना लिहिताना त्यांनी हिंदुस्तानातल्या यहुद्यांबद्दल म्हटलं होतं की त्यांना शब्बाथ (शनिवारची विश्रांती) आणि आठव्या दिवशीची सुंता एवढंच ठाऊक आहे. पेसाखची आठवण कोकणात ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणून, आंबट रसाचं भांडं झाकून ठेवण्याच्या रूपात टिकून होती. १८४६ साली मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे पेसाखच्या रात्री वाचायची पोथी, मुंबईत छापली गेली.

आमचा सल्ला असा. हिब्रू कच्चं असेल किंवा नियमामागचा विचार हवा असेल, तर राम्बामपासून सुरुवात करा. पण पहिल्या भागातल्या तत्त्वज्ञानात न अडकता हामेत्झ आणि मात्झाची आठ प्रकरणं घ्या. मग त्याच विषयाची कारोंची कलमं ४३१पासून पुढे ‘बेत योसेफ’सह वाचा. रोजच्या आचारासाठीच हवं असेल तर क्रम उलटा करा. यातलं काहीच झेपणार नसेल आणि तोराच्या (मोशेच्या पाच ग्रंथांच्या) कथांमधून नियम समजून घ्यायचे असतील, तर याकोव खुली यांनी १७३०मध्ये इस्तंबूलला लादिनो, म्हणजे सेफार्दींच्या स्पॅनिश वळणाच्या, भाषेत सुरू केलेलं ‘मेआम लोएझ’ आहे. हिब्रू न येणाऱ्या घरांसाठीच ते लिहिलं गेलं.

प्रत विकत घेण्यापूर्वी दोन जागा उघडून पाहा. ‘मिश्ने तोरा’त राजांच्या नियमांचं ११वं प्रकरण: ख्रिस्ती सेन्सॉरनं तिथला येशूविषयीचा परिच्छेद काढला होता, आणि जुन्या छपाईवरून उतरवलेल्या प्रतींत तो अजूनही नसतो. येमेनी हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली योसेफ काफिह यांची आवृत्ती या बाबतीत भरवशाची. ‘शुल्खान आरुख’मध्ये कलम ६०५चा मथळा पाहा. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या आदल्या दिवशी कोंबडं ओवाळण्याच्या प्रथेला कारोंनी तिथे ‘मूर्खपणाची रीत’ म्हटलं होतं. पुढच्या छपायांमधून ते शब्द गळाले. ते जागेवर असतील तर ती प्रत घ्या.