हँडहेल्ड घ्यायचाय, पण ओएस कुठली? स्टीमओएस, विंडोज, बॅझाइट, मॅक आणि अँड्रॉइड

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून पीसी गेम खेळायचं छोटं मशीन, घेताना बहुतेक जण आधी चिप बघतात, मग रॅम, मग स्क्रीन, आणि ओएसचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) विचार सगळ्यात शेवटी, जमलं तर. माझ्या मते हा क्रम उलटा पाहिजे. आधी तुम्ही खेळता त्या गेमची यादी, मग त्या यादीला चालेल अशी ओएस आणि मग डिव्हाइस. कारण तेच हार्डवेअर असलं तरी एखादा गेम एका ओएसवर मस्त चालतो आणि दुसऱ्यावर लाँचच होत नाही, तिथे चिप कितीही तगडी असली तरी काय उपयोग.

तुलना करायच्या आधी स्मूद म्हणजे काय ते एकदा ठरवून घेऊ. नुसता एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात त्याचा) आकडा मोठा दिसला की गेम स्मूद झाला असं नाही, प्रत्येक फ्रेम सारख्या अंतराने येते का ते महत्त्वाचं. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, ३० ला ३३.३, आणि ४० ला २५, म्हणजे बरोब्बर मधोमध. म्हणून ३० वरून ४० वर गेलात की आकडा फक्त १० ने वाढतो पण कॅमेरा फिरवताना हाताला फरक लगेच कळतो. आणि ५५ ते ३५ मध्ये सतत उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा ४० वर लॉक केलेला गेम कधीही चांगला वाटतो. हँडहेल्डवर तर हे डोक्यात पक्कं बसवा, कारण इथे बॅटरीमुळे वॅट मोजून मिळतात.

आता व्हॉल्व्हचा (स्टीम हे गेम स्टोअर चालवणारी कंपनी) हँडहेल्ड स्टीम डेक आणि त्याची ओएस स्टीमओएस. डेक २०२२ च्या फेब्रुवारीत आला, ओएलईडी मॉडेल २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. स्टीमओएस आर्च लिनक्सवर बनलीय, पण विंडोजचे गेम ती प्रोटॉनमधून चालवते. प्रोटॉन म्हणजे वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यावर डीएक्सव्हीके, व्हीकेडी३डी हे थर, गेम डायरेक्टएक्समध्ये (विंडोजची ग्राफिक्सची भाषा) जे मागतो ते हे थर व्हल्कनमध्ये (लिनक्सवरही चालणारी तशीच भाषा) करून देतात. ऐकायला वाटतं की मध्ये एवढे थर म्हणजे स्पीड जाणारच, पण प्रत्यक्षात बऱ्याच गेममध्ये काही फरक पडत नाही आणि काही ठिकाणी तर उलट फायदा होतो. एल्डन रिंगचंच बघा, तो आणि डेक दोन्ही एकाच दिवशी आले, २५ फेब्रुवारी २०२२. पीसीवर लोक झटक्यांनी वैतागलेले, नवीन एरियात शिरलं की गेम क्षणभर अडकायचा, आणि व्हॉल्व्हच्या टीमने ट्रान्सलेशनच्या थरातच दुरुस्ती करून डेकवर ते झटके लगेच कमी केले, गेमच्या पॅचची वाट न बघता.

दुसरा फायदा शेडरचा, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा. डेक सगळ्यांकडे जवळपास सारखाच असल्यामुळे स्टीम आधीच कंपाइल केलेले शेडर गेमसोबत डाउनलोड करून देतं. विंडोजवर तेच काम तुमच्या मशीनवर होतं, एकतर सुरुवातीला बराच वेळ बार सरकत बसतो नाहीतर खेळताना मध्येच झटके, आणि ड्रायव्हर अपडेट झाला की बहुतेकदा पुन्हा पहिल्यापासून. एक्सबॉक्स ॲलाय या विंडोज हँडहेल्डवर आता शेडर गेमसोबत आधीच पोचवायची सोय आलीय, चांगलीच गोष्ट आहे, पण ती अजून सगळ्या गेमना नाही.

तिसरी गोष्ट स्लीप, आणि माझ्यासाठी ही पहिल्या दोनपेक्षा मोठी आहे. डेकवर बॉस फाइटच्या मध्ये पॉवर बटण दाबा, काही तासांनी परत दाबा, गेम तिथल्या तिथे चालू. विंडोज हँडहेल्डवर हे भरवशाने होत नाही, कधी बॅगेतच मशीन जागं होऊन गरम होतं, कधी उठल्यावर गेम क्रॅश. ज्याला थोडा थोडा वेळ मिळेल तसं खेळायचंय त्याने १० एफपीएस कमी घ्यावेत पण हे घ्यावं.

मग विंडोज कशाला घ्यायचं? एका शब्दात, अँटीचीट (ऑनलाइन गेममधली चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर). ईझी अँटीचीट आणि बॅटलआय दोघांनीही २०२१ मध्येच प्रोटॉनला सपोर्ट दिलाय, पण तो चालू करायचा की नाही हे गेमच्या डेव्हलपरच्या हातात. एल्डन रिंगमध्ये चालू आहे, फोर्टनाइटमध्ये नाही. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड थेट विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं, त्यामुळे लिनक्सवर तो विषयच संपला. डेस्टिनी २ नाही चालत. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे आज चालतंय ते उद्या चालेलच असं नाही, एपेक्स लेजंड्स डेकवर छान चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरच्या शेवटी लिनक्सवरून बंद केला. जीटीए ऑनलाइनमध्ये २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बॅटलआय घातलं आणि डेकवाले बाहेर पडले, स्टोरी मोड मात्र चालतो. म्हणजे तुमचा रोजचा गेम ऑनलाइन शूटर असेल आणि मित्र तिथेच खेळत असतील तर बाकी काही वाचू नका, विंडोज घ्या. गेम पासचं (मायक्रोसॉफ्टची गेमची वर्गणी) पण तेच, इन्स्टॉल करून खेळायचं तर विंडोजच लागतं, स्टीमओएसवर फक्त क्लाउडमधून स्ट्रीम होतं. एपिक आणि जीओजी या दुसऱ्या स्टोअरचे गेम मात्र हिरोइक लाँचर टाकून डेकवर आरामात चालतात.

विंडोज हँडहेल्डचं हार्डवेअरही सहसा तगडं असतं. असुसचा २०२३ चा आरओजी ॲलाय १०८० पी, १२० हर्ट्झ आणि व्हीआरआरवाला (स्क्रीनचा रिफ्रेश एफपीएसप्रमाणे बदलतो), आणि व्हीआरआर असलं की एफपीएस थोडे वरखाली झाले तरी ते डोळ्याला खुपत नाही, ही सोय डेकच्या दोन्ही मॉडेलमध्ये नाही. पण त्याचा टर्बो मोड २५ वॅट खातो आणि बॅटरी ४० वॉट-अवर, आता भागाकार तुम्हीच करा, स्क्रीन आणि पंखा वेगळाच. ॲलाय एक्समध्ये बॅटरी दुप्पट म्हणजे ८० केली ते उगाच नाही. डेकची चिप १५ वॅटलाच थांबते, जुनी आहे, नवीन जड गेममध्ये दम लागतो तिला, पण कमी वॅटमध्ये अजूनही चांगली टिकते.

तिसरा पर्याय मला सगळ्यात आवडतो पण तो सगळ्यांसाठी नाही. विंडोजचं तगडं हार्डवेअर घ्यायचं आणि त्यावर स्टीमओएस किंवा बॅझाइट (गेमिंगसाठीची मोफत लिनक्स ओएस) टाकायचं. लेनोव्होचा लीजन गो एस २०२५ मध्ये थेट स्टीमओएससकट आला, डेक सोडून अधिकृत स्टीमओएस असलेला तो पहिलाच, तिथे काहीच करावं लागत नाही. बाकीच्यांवर बॅझाइट जास्त सोपं पडतं, फेडोरा लिनक्सवर बनलंय, चालू झालं की सरळ गेम मोडमध्ये जातं, आणि अपडेटने काही बिघडलं तर बूट होताना मागची इमेज (ओएसची आधीची प्रत) निवडायची की झालं. स्लीप सुधारतं, मागे चाललेल्या फालतू गोष्टी जातात, बऱ्याचदा त्याच वॅटमध्ये एफपीएस पण थोडे जास्त मिळतात. पण प्रत्येक डिव्हाइसचं काहीतरी राहिलेलं असतं, कुठे फिंगरप्रिंट चालत नाही, कुठे जायरो (मशीन हलवून निशाणा धरायचा सेन्सर), कुठे मागची बटणं. टाकायच्या आधी तुमच्याच मॉडेलचं नाव घालून शोधा, जवळपासच्या मॉडेलवर चालतंय म्हणून आपल्यावर चालेल असं धरू नका.

मॅकबद्दल थोडक्यात. नेटिव्ह, म्हणजे खास मॅकसाठी बनलेला गेम असेल तर ॲपल सिलिकॉन (ॲपलच्या स्वतःच्या चिप) भारी आहे, बाल्डर्स गेट ३, नो मॅन्स स्काय आणि २०२५ पासून सायबरपंक २०७७ पण नेटिव्ह आहे. नेटिव्ह नसेल तर विंडोजचे गेम मॅकवर चालवणारं क्रॉसओव्हर, ते पैसे देऊन घ्यावं लागतं आणि ट्रान्सलेशन दोनदा होतं, एकदा विंडोजचं आणि एकदा इंटेल कोडचं, त्यात अँटीचीटवाले गेम जवळपास विसराच. मॅक आधीच घरात असेल तर जरूर वापरा, गेमसाठी म्हणून मुद्दाम घेऊ नका.

अँड्रॉइड हँडहेल्डवर विनलेटर किंवा गेमहब या ॲपमधून पीसी गेम चालतात हे खरंय आणि बघायला मजा येते, जुने आणि छोटे इंडी गेम तर छान चालतात. पण प्रत्येक गेमला वेगळा ड्रायव्हर, वेगळी बॉक्स६४ (पीसीचा कोड मोबाइल चिपवर चालवणारा थर) सेटिंग शोधत बसायची तयारी पाहिजे. एम्युलेशन (जुन्या कन्सोलचे गेम चालवणं) हे मुख्य आणि पीसी गेम हा बोनस असं असेल तरच घ्या.

आता गेम प्रत्यक्ष सेट कसा करायचा, कारण ओएस बरोबर निवडून सुद्धा लोक इथे फसतात. सायबरपंक डेकवर घ्या. गेममध्येच स्टीम डेक नावाचा प्रीसेट (तयार सेटिंग) आहे, तो लावा, मग साइड मेन्यूतून परफॉर्मन्स ओव्हरले लावून गर्दीच्या बाजारात जा, रिकाम्या रस्त्यावर टेस्ट करून काही कळत नाही. जीपीयू (ग्राफिक्स चिप) ९९ टक्क्यांवर अडकलाय का बघा. अडकला असेल तर सावल्या, रिफ्लेक्शन, व्हॉल्युमेट्रिक फॉग खाली आणा, रिझोल्यूशन शेवटी. जीपीयू मोकळा आहे आणि तरी एफपीएस पडतायत तर अडचण सीपीयूची (मुख्य प्रोसेसरची), तिथे रिझोल्यूशन कमी करून काहीच हाती लागत नाही, क्राउड डेन्सिटी (रस्त्यावरची गर्दी) कमी करा. मग सगळ्यात वाईट जागी जे एफपीएस मिळतात त्याच्या थोडं खाली लॉक लावा. एलसीडी डेकवर ४० ला स्क्रीन ४० हर्ट्झवर जाते, ओएलईडीवर तेच ८० हर्ट्झवर चालतं, म्हणून बटण दाबल्यावरचा उशीर ओएलईडीवर कमी वाटतो. फ्रेम जनरेशनचा (खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालायचा) मोह आवरा, मुळात ५०-६० मिळत असतील तरच ते कामाचं, ३० चे ६० करून आकडा दिसेल पण हाताला ३० पेक्षाही जड लागेल.

अजून एक, गेम सुरूच होत नसेल तर आधी प्रोटॉनडीबीवर (खेळणारे आपले अनुभव लिहितात ती साइट) त्या गेमचे ताजे रिपोर्ट वाचा, जुने नाही, मग प्रोटॉनचं व्हर्जन बदलून बघा, कधी एक्सपेरिमेंटल चालतं, कधी प्रोटॉन-जीई, म्हणजे व्हॉल्व्हबाहेर बनलेलं प्रोटॉन. स्टीमवर डेक व्हेरिफाइडचा हिरवा टिक दिसला म्हणजे ६० एफपीएस मिळणार असा त्याचा अर्थ नाही, कंट्रोल, अक्षरांचा साइझ आणि डिफॉल्ट सेटिंग ठीक आहे एवढंच तो सांगतो.

आणि विंडोज ठेवून शेजारी बॅझाइट टाकणार असाल तर तीन गोष्टी आधी करा. बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की कुठेतरी दुसऱ्या डिव्हाइसवर लिहून ठेवा, नाहीतर बूट बदलल्यावर विंडोज तीच मागत बसेल. गेमसाठी लिनक्सचं वेगळं पार्टिशन करा, विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवरून प्रोटॉनचे गेम चालवायला गेलात तर अर्धे उघडणारच नाहीत आणि दोष प्रोटॉनला जाईल. आणि विंडोज पूर्ण उडवू नका, बऱ्याच डिव्हाइसचे फर्मवेअर अपडेट कंपनीच्या विंडोज ॲपमधूनच येतात, त्यासाठी एक छोटं पार्टिशन तरी राहू द्या.