मिरी, जांभूळ आणि रोनकाठची एक बाटली

फ्रान्समधल्या बोर्दो भागातील वाइनच्या बाटलीचे खांदे ताठ आणि चौकोनी असतात, तर तिथल्याच रोन नदीच्या खोऱ्यातील बाटलीचे उतरते; त्यामुळे लेबल न वाचताही ती ओळखू येते. ई. गिगाल या घराण्याची ‘कोत द्यू रोन’ ही लाल वाइन मी गेल्या दोन महिन्यांत दोनदा आणली आणि दोन्ही वेळा तिची चव इतकी निराळी लागली की थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

पहिली बाटली घोडबंदर रस्त्यावरील एका दुकानातली. आपल्याकडे पाटीवर ‘वाइन शॉप’ लिहिलेले असले तरी आत भिंतभर व्हिस्की आणि रम असते आणि वाइनच्या वाट्याला दाराजवळचे एखादे काचेचे कपाट येते. हे कपाट नेमके पश्चिमेच्या उन्हात होते. ती बाटली आटून गेलेल्या मुरंब्यासारखी जड आणि सपाट लागली. दुसरी नौपाड्यात, थंड खोलीत बाटल्या आडव्या ठेवणाऱ्या दुकानात मिळाली. साडेतीन हजारांच्या आतबाहेर पडली, म्हणजे दर शनिवारी परवडणारी ही चैन नव्हे. पुढचे सारे या दुसऱ्या बाटलीविषयी आहे.

ही वाइन सिरा, ग्रनाश आणि मूर्वेद्र या द्राक्षांच्या मिश्रणातून होते. दक्षिण रोनमध्ये सहसा ग्रनाशचा वरचष्मा असतो. त्याने गोडसर फळांचा गंध आणि मद्यार्काची ऊब येते, पण रंग फिका राहतो. गिगाल मात्र सिराला झुकते माप देतात. एतिएन गिगाल यांनी १९४६ मध्ये ज्या आंपुई गावी हे घराणे सुरू केले, ते उत्तर रोनमध्ये, म्हणजे सिराच्याच मुलखात आहे. हा कल तिथूनच आला असावा, असे मला वाटते. सिरामुळे रंग गडद होतो आणि पेल्यातून चक्क काळ्या मिरीचा वास येतो. हा कविकल्पनेचा भाग नाही, कारण रोटुंडोन नावाचे एकच द्रव्य मिरीत आणि सिराच्या द्राक्षात असते. उशिरा पिकणारे मूर्वेद्र थोडेच असते, पण मागे रेंगाळणारी मातकट चव बहुधा त्याचीच असावी.

टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारे द्रव्य, समजावताना अनेकांची तारांबळ उडते. मराठी माणसाला मात्र ‘तुरट’ एवढा एक शब्द पुरतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी किंचित खरखरीत होते, तशीच ती इथेही होते, फक्त अधिक मऊपणे, कारण ही वाइन ओकच्या मोठ्या पिंपांत मुरवलेली असते.

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा सल्ला ठाण्यातल्या खोलीला लागू नाही. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून सोळा ते अठरा अंशांपर्यंत आणली, तरच मिरी आणि फळ वेगवेगळे कळतात. एरवी नाकात फक्त मद्यार्क शिरतो. मालवणी मसाल्याच्या झणझणीत मटणाने तिचा पार बोजवारा उडवला. मिरी, आले आणि खोबरे घालून केलेल्या कमी तिखट सुक्या मटणासोबत मात्र ती खुलली. चरबीने तुरटपणा निवळला आणि ताटातल्या मिरीने पेल्यातली मिरी उठून दिसली.

उरलेली अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. दुसऱ्या रात्री ती पहिल्या रात्रीपेक्षा मोकळी आणि सुगंधी लागली. तिसऱ्या रात्री मात्र फळ विरून गेले होते आणि तुरटपणा तेवढा उरला होता.