हाताने घडवलेल्या सुरीची मूठ : पुन्हा बसवल्यानंतरचे आठ महिने

गेल्या वर्षी जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, होम मैदानावरच्या एका लोखंडी सामानाच्या दुकानातून मी हाताने घडवलेली सुरी घेतली. पाते ट्रकच्या कमानपाट्याचे, सात इंच लांब आणि पाठीशी साधारण ४ मिलिमीटर जाड आहे. लोहाराने त्याला पाणी चांगले दिलेले (तापवून, विझवून कठीण केलेले) असल्यामुळे पात्याविषयी माझी आजही तक्रार नाही. तक्रार होती ती मुठीची. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना, पत्र्याखालच्या आमच्या स्वयंपाकघरात, ती हलू लागली आणि एके दिवशी लाल भोपळा चिरताना मूठ आईच्या हातात राहिली व पाते भोपळ्यातच रुतून बसले. इजा झाली नाही, पण ती वेळ थोडक्यात टळली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी नवी मूठ बसवली. पुढील मजकूर तिच्याविषयी आहे.

जुनी मूठ का सुटली, हे ती उकळत्या पाण्यात धरून आतला भराव काढल्यावर कळले. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा मागचा भाग, जेमतेम ५ सेंटिमीटर लांब, निमुळती आणि अगदी गुळगुळीत होती. शेपटी चपटी आणि लाकडातले भोक मात्र गोल, त्यामुळे उरलेली सगळी पोकळी लाख आणि विटेच्या पुडीने भरलेली होती. लाखेची पद्धत जुनी आहे आणि विळ्या-खुरप्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. परंतु लाख साधारण ७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, थंड असताना ठिसूळ असते, आणि रोज गरम पाण्याने धुतल्या जाणाऱ्या सुरीत लाकूड फुगत-आकसत राहिले की ती आतल्या आत तडकते. तिची पकड सुटल्यावर निमुळत्या, गुळगुळीत शेपटीला अडवणारे काहीच उरत नाही.

म्हणून नव्या मुठीत चिकटपदार्थावर भिस्त ठेवायची नाही, शेपटी लाकडात अडकलीच पाहिजे, असे ठरवले. लाकूड बाभळीचे घेतले. आमच्याकडे शेतीच्या अवजारांना तेच वापरतात आणि ते दोन वर्षे सावलीत वाळलेले होते. शेपटीवर कानस घासून पाहिली तेव्हा ती पोलादात चावली, याचा अर्थ शेपटी मऊ होती व तिला भोक पाडता येणार होते. कानस घसरली असती, तर शेपटी तापवून मऊ करावी लागली असती आणि त्या वेळी पाते ओल्या कापडात गुंडाळून ठेवावे लागते, नाहीतर धारेचे पाणी उतरते. तिकोनी कानशीने शेपटीच्या दोन्ही कडांना तीन-तीन खाचा पाडल्या. लाकडात गोल भोकाऐवजी ओळीने तीन भोके पाडून, मधले लाकूड काढून, शेपटीच्या मापाची चपटी खोबण केली. या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला आणि माझ्या मते मुठीची निम्मी मजबुती इथेच ठरते. मग मुठीतून आडवे भोक पाडले, सुरी कोरडीच बसवून शेपटीवर त्याची खूण घेतली आणि तिथे ४ मिलिमीटरच्या पितळी सळईसाठी किंचित मोठे भोक पाडले.

शेपटी स्पिरिटने पुसून, दोन नळ्यांतून मिळणारा इपॉक्सी हा चिकटपदार्थ पहाटे कालवला, कारण सोलापुरातल्या जूनच्या दुपारी तो वाटीतच घट्ट होऊ लागतो. पाच मिनिटांत सुकणारा प्रकार टाळून सावकाश सुकणारा घेतला. खोबणीत तो ओतल्यावर बारीक काडीने ढवळून हवा बाहेर काढणे आवश्यक आहे. आत अडकलेली हवा शेपटीला मागे ढकलते आणि पोकळी तशीच राहते. सळई घालून तिची टोके हलक्या हातोडीने पसरवली, मुठीच्या तोंडाशी पितळी शेंबी, म्हणजे लाकूड आवळून धरणारे कडे, चढवली आणि सुरी २४ तास उभी ठेवली.

तेलाच्या बाबतीत माझी चूक झाली. घरात होते म्हणून शेंगदाणा तेल चोळले. ते कधीच सुकत नाही, मूठ चिकट झाली आणि तिच्यावर धूळ बसली. ते पुसून करडईचे तेल लावले. करडई आमच्या जिल्ह्याचेच पीक आहे आणि तिचे तेल हवेत हळूहळू सुकून लाकडावर पापुद्रा धरते. जवसाचे तेल त्याहून लवकर सुकते. अशा तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नयेत, पसरून वाळवावीत; ढिगात ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

आठ महिन्यांत सुरी रोज वापरात आहे. आमच्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो; त्या दिवसांत लाकूड फुगून सळईशी अगदी सपाट झाले होते. डिसेंबरच्या कोरड्या हवेत ते आकसले, सळईचे टोक केसभर वर आले आणि तळव्याला टोचू लागले, तेव्हा ते बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावे लागले. शेंबी आणि लाकूड यांच्यात नखाला जाणवेल एवढी फटही पडली. तिच्यात वितळवलेले मधाच्या पोळ्याचे मेण भरले आहे. पाते मात्र तसूभरही हललेले नाही. पाते व्हाइसमध्ये (घट्ट आवळून धरणाऱ्या शिकंज्यात) धरून मूठ दोन्ही हातांनी पिळून पाहिली, तेव्हाही नाही. बाभळीमुळे वजन मागे सरकले आहे, आणि आईला पहिले पंधरा दिवस ते जड वाटले, ही तक्रार नोंदवली पाहिजे.

नवी सुरी घडवून घेणाऱ्यांनी लोहाराकडून शेपटी मुठीच्या टोकापर्यंत लांब ठेवून घ्यावी आणि तिची भोके पाणी देण्याआधीच पाडून घ्यावीत. माझ्या सुरीत हे शक्य नव्हते. जुनी मूठ ज्या उन्हाळ्यात सुटली, तो या मुठीने अजून पाहिलेला नाही, त्यामुळे मे अखेरीस ती पुन्हा व्हाइसमध्ये धरून पाहणार आहे.