मशीन डिझाइनमध्ये शिरायचंय: कॅडचा क्लास की एम.टेक.?

इलेक्ट्रिकलची पदवी हातात, पण ओढ मशीन डिझाइनची, अशा एका ज्युनिअरने विचारलं म्हणून लिहितोय.

वेळ: कॅडचा, म्हणजे संगणकावर डिझाइनचे आराखडे काढण्याचा, क्लास काही महिन्यांत आटोपतो, एम.टेक.ला 2 वर्षं, त्याआधी गेट या प्रवेश परीक्षेची तयारी.

पैसा: क्लासची फी खिशातून जाते. गेटमधून आलेल्याला दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकतं.

खरा फरक पायाचा. कॅटिया किंवा सॉलिडवर्क्स ही कॅडची सॉफ्टवेअर चालवता येणं म्हणजे डिझाइन नव्हे. शाफ्टला (फिरत्या दांड्याला) फटीग क्रॅक, म्हणजे वारंवारच्या ताणाने पडणारा तडा, कुठे जाईल, टॉलरन्स (मापातला चालणारा फरक) किती ठेवायचा, हे क्लासमध्ये क्वचितच शिकवतात. मात्र काही संस्था मेकॅनिकलची पदवी नसेल तर डिझाइनच्या एम.टेक.ला घेत नाहीत; पात्रता आधी वाचा.

घरी पगाराची निकड असेल तर क्लास करा, ड्राफ्टिंगपासून (आराखडे काढण्याच्या कामापासून) सुरुवात करा आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे भाराखाली पदार्थ किती टिकतो हा विषय, स्वतः नेटाने शिका. स्ट्रेस अ‍ॅनालिसिसचं (भागांवर येणारा ताण तपासण्याचं) काम हवं असेल, तर एम.टेक.च.